पाडलेल्या शाळेच्या सामानातून नवी वर्गखोली : दक्षिण सोलापुरातलं एक प्रकरण

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या दोन जुन्या खोल्या धोकादायक ठरल्या आणि त्यांच्या निर्लेखनाला, म्हणजे दप्तरातून कमी करून पाडून टाकायला, मंजुरी मिळाली. जिल्हा परिषदेच्या आधीच्या लोकल बोर्डाच्या काळातलं काम. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या सव्वादोन फुटी भिंती, वर सागवानी कैच्यांवर (छताच्या तिकोनी लाकडी सांगाड्यांवर) मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. कैच्या एका अंगाला झुकल्या होत्या, एका कोपऱ्यात भिंतीला पोट आलं होतं. पावसाळ्यात तिथं मुलं बसवणं खरोखरच धोक्याचं होतं.

अशा इमारतीचं पुढं काय होतं हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. लिलाव होतो. सागवान शहरातल्या जुन्या लाकडाच्या वखारीत जातं, बरे दगड कुणाच्या तरी गोठ्याला लागतात आणि उरलेला राडारोडा ओढ्याच्या काठाला पडतो. या वेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक पालक उठले. ते स्वतः गवंडी. म्हणाले, "एवढं सामान फुकापासरी जाणार, आन् आपण नवी खोली कवा येती म्हणून वाट बघणार. ह्याच्यातच एक खोली हुईल की."

ती खोली झाली. पाठोपाठ त्याच गावात एक घरकुलही त्याच रीतीनं उभं राहिलं. संरचनेचं गणित आणि कामावरची देखरेख माझ्याकडं होती, त्यामुळं हे सगळं जवळून बघता आलं. गावाचं आणि माणसांची नावं इथं घेतलेली नाहीत. जुन्या सामानात बांधकाम करायचं ठरवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गावाला उपयोग व्हावा म्हणून कुठं काय अडलं आणि काय ठरलं, ते तपशिलानं लिहितो आहे.

गाव कशात अडकलं होतं

निर्लेखनानंतर दोन वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागले. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढं जातो, पण मे महिन्यात शाळेला सुटी असते. खरा त्रास मार्चमध्ये, सकाळची शाळा सुरू व्हायच्या आधी. दुपारी बारानंतर पत्रा तापला की लहान मुलं पाठ टेकवायला भिंत शोधायची आणि भिंतही पत्र्याचीच.

याच गावात थंड घरं होती. माळवदाची. जाड भिंती, सागवानी किंवा बाभळीच्या तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. आजही दोन-चार घरं टिकून आहेत आणि ऐन उन्हात त्यांच्या ओसरीत शिरलं की जीवाला बरं वाटतं. मग लोकांनी माळवद का सोडलं? आळस किंवा नव्याची हौस एवढंच त्यामागं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. इकडं सोलापुरातही लोक घराबाहेर पळाले होते. त्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या हिशोबात तो फार मोठा भूकंप नव्हता. माणसं गेली ती घरांखाली.

घरं का पडली हे समजून घेतल्याशिवाय जुना दगड हातात धरू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या भागातल्या जाड दगडी भिंती दिसायला एक असल्या तरी आतून दोन होत्या. बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला दुसरा, मधे मातीगोटे. दोन्ही थरांना आरपार धरणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. जमीन हलली तसे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, बाहेर फुगले आणि ढासळले. वरून माळवद आलं. एक घनफूट माती सुमारे ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे एक फूट जाड थराचं दहा बाय दहाचं छत साधारण पाच टनांचं. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकत गेल्यानं कित्येक घरांचा थर त्याहून जाड झाला होता.

आजींनी आखून दिलेली रेघ

जुने दगड वापरून खोली बांधायचा विषय ग्रामसभेत आला तेव्हा तरुण मंडळी उत्साहात होती. मुख्याध्यापिका बाई तर फारच. या भागात घराघरांत कानडी बोलली जाते, त्यामुळं सभा थोडी मराठीत, थोडी कानडीत चालली होती. तेवढ्यात मागं बसलेल्या एक आजी बोलल्या. त्यांचं माहेर तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं.

"सायेब, दगडाचं मला सांगू नगा. माझं माहेर दगडाखाली गेलंय. माझ्या नातवाच्या डोक्यावर मी दगड येऊ द्यायची न्हाय."

सभा गप्प झाली. तिथं कुणी आजींना समजावायच्या भरीस पडलं नाही, याचं मला आजही समाधान वाटतं. आक्षेप खरा होता. सोलापूर आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतं. शाळेची इमारत म्हटल्यावर तर साध्या घरापेक्षा जास्त काळजी घ्यायला हवी, कारण भर दिवसा एका छताखाली चाळीस-पन्नास पोरं बसलेली असतात.

मी आजींना विचारलं, दगड खिडकीच्या खालपर्यंतच ठेवला तर? त्यांनी उठून हातानं दाखवलं, बसलेल्या पोराच्या डोक्याच्या खाली किती ते. ती उंची जवळजवळ खिडकीच्या उंबऱ्याएवढीच भरली. तीच रेघ नकाशात आली. जोत्यापासून खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत दगडी बांधकाम, त्याच्यावर राखेच्या विटांची भिंत. जड माल खाली आणि हलका वर, हे भूकंपाच्या शास्त्रातही बसतं, कारण हादऱ्याचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि उंचावर असलेलं वजन भिंतीला जास्त पिळतं. आजींनी ते भीतीपोटी मागितलं होतं आणि गणितानंही तेच सांगितलं.

मग बाकीचं ठरलं. जोत्याला, खिडकीच्या उंबऱ्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे काँक्रीटचे सलग पट्टे, चारही भिंती बांधून घेणारे. कोपऱ्यांत आणि दारं-खिडक्यांच्या कडेला पायापासून छतापर्यंत उभ्या सळ्या. दगडी भागात दर दोन फूट उंचीला आणि आडव्या दिशेला चार फुटांच्या आत एक तरी आरपार दगड. जुनी भिंत सव्वादोन फुटी होती, नवी पंधरा इंची केली. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत ही समजूत आपल्याकडं खोल रुजली आहे. पण नीट बांधलेली पंधरा इंची भिंत पोकळ पोटाच्या सव्वादोन फुटी भिंतीपेक्षा कितीतरी भरवशाची. शिवाय त्यामुळं दगड उरले आणि ते कुंपणाला लागले.

पाडायच्या आधीची पारख

या कामातला सगळ्यात मोलाचा भाग बांधकामाच्या आधीचा होता. जेसीबी लावला असता तर एका दिवसात मैदान मोकळं झालं असतं आणि सामानाचा चुरा झाला असता. समितीनं हातानं पाडायचं ठरवलं. आधी कौलं, मग रिपा आणि वासे, मग कैच्या, मग थरानं थर दगड. गावात वडार समाजाची चार-पाच घरं आहेत. दगड कसा सोडवायचा, कुठं पहार घालायची आणि कुठं नुसता घणाचा हलका ठोका द्यायचा, हे त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. म्हणून दगडाचं सगळं काम त्यांच्याच हाती दिलं.

दगड इतके सुटे निघाले याला चुना कारण आहे. चुन्यातला किंवा मातीतला दगड ठोक्यासरशी सुटतो आणि पुन्हा वापरता येतो. सिमेंटच्या मालात बसवलेली वीट सोडवायला गेलं की सांधा टिकतो आणि वीटच फुटते. याच आवारातली अलीकडची, सिमेंटमध्ये बांधलेली एक मुतारी पाडली, तेव्हा तिच्यातून धड विटा फारच थोड्या मिळाल्या. लोकल बोर्डाच्या खोल्यांनी मात्र जवळजवळ सगळा दगड परत दिला. नव्या भिंतीतला दगडही पुढच्या पिढीला सोडवता यावा म्हणून निव्वळ सिमेंटच्या कडक मालाऐवजी एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू असा माल घेतला. भूकंपाच्या दृष्टीनं लागणारी पकड त्यात मिळते आणि सांधा दगडापेक्षा मऊ राहतो.

मैदानात दगडांचे तीन ढीग झाले. लांब दगड, ज्यांचे आरपार दगड होतील. एक तरी सपाट तोंड असलेले दगड, भिंतीसाठी. आणि गोल गोटे. गोल गोटा भिंतीत घालायचा नाही, हा नियम शेवटपर्यंत कुणालाही मोडू दिला नाही. गोटे पायाखालच्या सोलिंगला, म्हणजे दगडगोट्यांच्या थराला, गेले. लांब दगड पुरेसे निघाले नाहीत, तेव्हा त्या जागी भिंतीच्या जाडीएवढे काँक्रीटचे ठोकळे ओतून बसवले. दिसायला ते विजोड आहेत, पण काम तेच करतात.

सातवीच्या मुलांकडं सामानाची वही होती. कोणता ढीग, कुठून आला, कशासाठी ठेवला. विटांची परीक्षाही त्यांनीच घेतली. राखेच्या विटा आता सोलापूरच्या बाजारात सहज मिळतात. दक्षिण सोलापुरातच एनटीपीसीचा प्रत्येकी ६६० मेगावॉटच्या दोन संचांचा औष्णिक प्रकल्प आहे आणि औष्णिक केंद्रांच्या परिसरात बांधकामाला राखेच्या विटा वापराव्यात असा केंद्राचा नियमही आहे. पण वीट राखेची आहे म्हणून चांगली ठरत नाही. मुलांनी किराणा दुकानातला काटा आणला, कोरड्या विटा तोलल्या, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवल्या, बाहेर काढून पुसून पुन्हा तोलल्या. वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. तीन किलोची वीट भिजून तीन किलो सहाशे ग्रॅमच्या आत राहायला हवी. पहिल्या गाडीतल्या विटा यात बसल्या नाहीत. नीट पाणी न मारता, कच्च्याच विकायला काढल्या होत्या. शेकडेवारीचं गणित फळ्यावर मांडून मुलांनी ते गवंडीकाकांना दाखवलं आणि सरपंचांनी गाडी परत पाठवली. विटावाल्यानं कुरकुर केली, दुसरी गाडी मात्र चांगली आली.

जे घेतलं नाही

टाकाऊ वस्तूंतून इमारत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टायर आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या येतात. मुख्याध्यापिका बाईंच्याही मनात बाटल्यांची भिंत होती आणि त्यासाठी मुलांनी पोतंभर बाटल्या जमवल्या होत्या. या कल्पना उगाच निघालेल्या नाहीत. ग्वाटेमालात कोमालापा नावाच्या गावात लाँग वे होम या संस्थेनं गावकऱ्यांबरोबर टायरांत माती ठासून शाळा उभी केली आहे. त्या मुलखातही १९७६ साली भूकंपात कच्च्या विटांची घरं कोसळली होती आणि लोकांचा मातीवरचा विश्वास उडाला होता. तिथं टायरांचे ढीग होते, उतारावरची जमीन होती, टायरांची जाड भिंत तिथं शोभली.

आपल्याकडची जमीन, हवा आणि सामान वेगळं. टायरात पावसाचं पाणी साचलं की डेंगीचे डास होतात, आणि शाळेच्या आवारात ते कुणालाच परवडणार नव्हतं. काळ्या मातीनं टायर भरले तर ती माती पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आक्रसणार. बाटल्या उन्हानं ठिसूळ होतात आणि आगीत त्यांचा धूर जीवघेणा ठरतो. बाईंना हे पटलं. बाटल्यांत चॉकलेटचे आणि कुरकुऱ्यांचे कागद ठासून भरले, त्या मातीसिमेंटमध्ये पूर्ण बुजवल्या आणि झाडाखाली बसायचा कट्टा झाला. मुलांची मेहनत वाया गेली नाही आणि वर्गाच्या भिंतीत प्लॅस्टिकही आलं नाही.

जुन्या सळ्यांवरून जास्त वाद झाला. मुतारीच्या स्लॅबमधून निघालेल्या सळ्या सरळ करून वापराव्यात असं काहींचं म्हणणं होतं. भंगारात सरळ केलेल्या सळ्या विकतही मिळतात. पण एकदा वाकलेली, गंजलेली आणि पुन्हा ठोकून सरळ केलेली सळी किती ताण घेईल हे डोळ्यांना कळत नाही, आणि या खोलीत भूकंपाचा सगळा भरवसा सळ्यांवर होता. सळई नवी, आयएसआय छापाची. जुन्या सळ्या कुंपणाच्या फाटकाला गेल्या. पैसे वाचवायच्याही जागा असतात, ही त्यातली नव्हे.

पाण्याच्या टाकीवर जुने सिमेंटचे पत्रे होते. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. असे पत्रे फोडले, कापले, घासले की सुईसारखे बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारे आजार कित्येक वर्षांनी वर येतात. मुलांना लांब ठेवून, पाणी मारून ओले करून ते अख्खेच उतरवले आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवले. कुणी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मागितले, तेव्हा सरपंचांनी साफ नकार दिला. त्यांनी त्या दिवशी थोडा वाईटपणा घेतला आणि फार चांगलं केलं.

दारं-खिडक्या सागवानी, उत्तम. पण त्यांच्यावर पिढ्यान्पिढ्यांचे ऑइलपेंटचे थर. शिशाची मर्यादा घालणारा नियम आपल्याकडं २०१६ चा आणि तो लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसं असणार असंच धरून चालायचं. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून कोरडा पॉलिशपेपर मारायला बंदी केली. शाळेपासून लांब, एका शेतातल्या शेडमध्ये सुतारानं ओल्यानं खरवडून रंग काढला, खरवडलेला कचरा गोळा करून वेगळा भरला. सुताराला हे आधी जाचक वाटलं. कारण सांगितल्यावर त्यानं आपल्या धाकट्या मुलालाही तिथं यायला मनाई केली.

पाया आणि छत

सोलापूरच्या काळ्या मातीत पाया म्हणजे परीक्षाच. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खणलं आणि काढलेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू दिली नाही. ती शेताला गेली. जोत्यात मुरूम भरून ठोकला. पायाखालच्या हलक्या काँक्रीटला मुतारीचं जुनं काँक्रीट फोडून खडी केली. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटच्या खडीला अशा हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण मोकळीक आहे, तर सळ्यांच्या काँक्रीटमध्ये एम२५ या दर्जापर्यंतच आणि तेही वीस टक्के. आम्ही वरच्या कामाला एक घमेलंही वापरलं नाही.

छताचं मात्र सविस्तर सांगायला हवं. कौलं चांगली होती. पण कैच्यांचं लाकूड एकसारखं धड राहिलं नव्हतं. दाभण टोचलं की काही ठिकाणी सहज आत जायचं, वाळवीनं आतून पोखरलेलं. पुन्हा कौलारू छत करायला नवं लाकूड लागलं असतं. पत्रा कुणालाच नको होता. मग कौलं स्लॅबमध्ये घालायचं ठरलं. लॉरी बेकर यांनी केरळात ही रीत रुजवली. स्लॅबच्या खालच्या बाजूचं काँक्रीट ताण घेत नाही, ताण सळ्या घेतात. तिथं सळ्यांच्या चौकटींमधे हलकी वस्तू भरली तर काँक्रीट आणि वजन दोन्ही वाचतं. एकावर एक पालथी-उताणी दोन कौलं ठेवली की मधे हवा कोंडते आणि उष्णता थोडी अडते.

कौलं निवडताना मिस्त्री प्रत्येक कौल डाव्या हातात अधांतरी धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं वाजवायचे. खणकन वाजलं तर घ्यायचं. भद्द आवाज आला तर चीर आहे, बाजूला. बाजूला पडलेली कौलं कुटून सुरखी झाली आणि ती चुन्यात मिसळून फरशीखाली गेली. निवडलेली कौलं आदल्या रात्री पाण्याच्या हौदात टाकली, कारण कोरडं कौल काँक्रीटमधलं पाणी शोषतं आणि भोवतीचं काँक्रीट कच्चं राहतं. स्लॅब टाकायच्या दिवशी कौलांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून फळ्यांचे रस्ते केले होते. एक जण नुसता ओरडायलाच ठेवला होता, "फळीवरनं! फळीवरनं!" सेंट्रिंग उतरवल्यावर खालून लाल कौलांची नक्षी दिसली. कौलांच्या पोटावर कारखान्यांची नावं उठवलेली असतात. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढं त्या किनाऱ्यावर असे कितीतरी कारखाने झाले. वर बघत अक्षरं लावणं हा पहिलीच्या मुलांचा आवडता खेळ झाला आहे.

स्लॅबवर शहरातल्या टाइल्सच्या दुकानांतून फुकट आणलेले पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले. पांढरा रंग ऊन परतवतो. दक्षिणेला जुन्या सागवानाचे धड खांब आणि शेडचेच पत्रे वापरून ओसरी केली, म्हणजे भिंतीवर थेट ऊन नको. समोरासमोर खिडक्या. आता मार्चमधल्या दुपारीसुद्धा या खोलीत मुलं बसतात, आणि उन्हाच्या वेळी शेजारच्या वर्गाचे गुरुजीही आपली मुलं घेऊन इकडं येतात.

खाली जुनीच शहाबादी फरशी, कडा मारून पुन्हा बसवलेली. शहाबाद आपल्या सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरचंच, कलबुर्गीच्या पुढचं. तिथला चुनखडीचा दगड इकडच्या घराघरांत पोचला तो याच लोहमार्गानं. बसायला गावातल्या बायकांनी वाकळा शिवून दिल्या, शहरातल्या टॉवेलच्या कारखान्यांतून आणलेल्या काठ-चिंध्यांच्या.

मजुरी कुणाची

जुन्या सामानात काम स्वस्त होतं असा समज घेऊन कुणी यात उतरू नये. दगड-कौलांचा खर्च वाचला, पण सोडवणं, साफ करणं, निवडणं, रचणं यात माणसांचे दिवस गेले. सुरुवातीला हे सगळं श्रमदानातून करायचं ठरलं होतं. झालं असं की बागायतदारांनी ट्रॅक्टर दिला, कुणी डिझेल दिलं, आणि रोजचं अंगमेहनतीचं काम भूमिहीन घरांतल्या बायकांकडं आलं. त्यांचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची चूल. वडार घरांतल्या कारागिरांच्या हाताला तर शहरात चांगला भाव आहे. त्यांनी फुकट काम करावं असं म्हणणं अन्यायाचंच होतं.

समितीतल्या एका ताईंनी हे स्पष्ट मांडलं: "ज्याच्याकडं हाय त्यानं पैसे द्यावं, ज्याच्याकडं न्हाय त्यानं काम करून पैसे घ्यावं." तेव्हापासून लोकवर्गणीचा मोठा वाटा मजुरीत गेला. दगडाच्या कामाला कारागिराची मजुरी, साफसफाईला रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी नाही अशी मजुरी. विटावाल्याला किंवा वाहतुकीला जाणारा पैसा गावातच राहिला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता. लोकसहभागाच्या नावाखाली गरिबांकडून फुकट काम करून घेणारी कामं मी खूप पाहिली आहेत, आणि ती पुढच्या पावसाळ्यात कुणी दुरुस्तही करत नाही.

कागदांनी मात्र दमवलं. जुन्या दगडाची अंदाजपत्रकात किंमत कशी धरायची, इथपासून वाद. शेवटी सामानाची किंमत ठरवून ती ग्रामपंचायतीनं भरली आणि सामान रीतसर ताब्यात घेतलं. नकाशा आणि संरचनेचं गणित सहीशिक्क्यानिशी जोडलं, तेव्हा परवानगी मिळाली.

आणि एक घर

खोलीच्या कामावर दगड साफ करायला येणाऱ्या एका ताईंचं स्वतःचं चार खणांचं माळवद आधीच्या पावसात बसलं होतं. त्यांना घरकुल मंजूर होतं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाटीच्या प्रदेशात तेव्हा १ लाख २० हजार रुपये मिळत, शिवाय रोजगार हमीतून मजुरीचे दिवस आणि शौचालयाचे १२ हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. एवढ्या पैशात सगळं नवं सामान घ्यायचं म्हटलं तर कर्ज काढल्यावाचून निभत नाही.

शाळेवर त्यांनी जे हातानं केलं होतं, तेच घरी केलं. पडक्या माळवदाचे दगड निवडले, खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत दगड, वर राखेची वीट, पट्टे आणि कोपऱ्याच्या सळ्या तशाच. पण इथं दोन अडचणी आल्या. हप्ता टप्प्याटप्प्यानं मिळतो, जोतं झालं, लिंटेल झालं असे फोटो चढवल्यावर. दगड निवडण्यात वेळ जातो, फोटो उशिरा चढतो, हप्ता लांबतो आणि गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातो. त्यामुळं पहिला हप्ता येण्याआधीच सगळं सामान निवडून रचून ठेवायचं, हे त्यांच्या घरापासून गावात ठरून गेलं.

दुसरी अडचण मानाची. समोरच्या भिंतीचा दगड उघडा ठेवला तर सुंदर दिसेल, असं मी सुचवलं. ताई म्हणाल्या, "तुम्हांला चांगला दिसतो हो. आमाला लोक म्हंतील, पडक्याचंच पुन्हा लावलं." पुढच्या भिंतीला गिलावा झाला, वर पिवळा रंग. मागच्या भिंतीचा दगड तसाच आहे. माळवदाची सागवानी चौकट मात्र त्यांनी समोरच्या दाराला हट्टानं बसवली, कारण ती सासऱ्यांनी घडवून घेतलेली होती. घर त्यांचं, आणि त्यात काय दिसावं हे त्यांनीच ठरवायचं.

ईशान्येच्या कोपऱ्यात जोत्याजवळ ओल येते. अंगणाचा उतार भिंतीकडं आहे. यंदा पावसाआधी उरलेल्या गोट्यांची गटार करून पाणी बाहेर काढायचं काम मिस्त्रींनी अंगावर घेतलं आहे. शाळेच्या खोलीचीही दर वर्षी पावसाच्या आधी पाहणी होते: पन्हाळी, टाइल्सचे सांधे, जोत्याभोवतीच्या भेगा. वही आता पुढच्या सातवीकडं गेली आहे.

शेजारच्या गावानं मध्यंतरी बोलावलं होतं. त्यांच्याही शाळेचं निर्लेखन मंजूर आहे. मिस्त्री आणि समितीतल्या त्या ताई दोघं जाऊन आले. सांगून आले ते एवढंच, की जेसीबीवाल्याला आधी नको म्हणा, लांब दगड मोजा, आणि गावात किल्लारीच्या बाजूचं कुणी असेल तर पहिल्या सभेला त्यांना पुढं बसवा.